कृपया हात लावावा!

आमच्या लहानपणी वस्तुसंग्रहालयात शिरताना पहिली गाठ पडायची ती एका पाटीशी : 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' आत तलवारी कोणत्या होत्या, नाणी कोणाची होती, ते सारे मी केव्हाच विसरलो. ती पाटी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. हात पाठीशी बांधून आमची रांग काचेच्या कपाटांपुढून सरकत जाई आणि बाहेर आल्यावर गुरुजी विचारीत, "काय रे, पाहिलंत ना सगळं?" आम्ही एका सुरात "हो" म्हणत असू. खरे म्हणजे पाहिले काहीच नव्हते.

आता ती पाटी हळूहळू उतरू लागली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ सालीच खास मुलांसाठी संग्रहालय निघाले होते. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एक बसच संग्रहालय म्हणून सजवून शाळांच्या दारी पाठवली आणि २०१९ साली आपल्या आवारात मुलांचे वेगळे संग्रहालय उघडले. लहान गावांतल्या संग्रहालयांतही आता शाळांच्या सहलींसाठी 'दळून पाहा, कांडून पाहा, मोजून पाहा' असे कार्यक्रम होतात. त्यांचे कौतुक पुष्कळ होते. परीक्षण मात्र कोणी करीत नाही. नाटकाचे आपण करतो, पुस्तकाचे करतो. मग मुलांच्या इतिहासानेच काय पाप केले आहे?

म्हणून गेल्या हिवाळ्यात नातीच्या पाचवीच्या वर्गाबरोबर मीही अशाच एका लहान संग्रहालयात गेलो. त्याचे नाव सांगत नाही. जे तेथे पाहिले ते इतरत्रही दिसेल.

एका दालनात जाते मांडले होते. मुलांनी दोघादोघांनी बसायचे, खुंटा धरून तीन फेरे फिरवायचे, छायाचित्र काढून घ्यायचे आणि उठायचे. मग हातात एक कागद : 'जात्याच्या भागांची नावे लिहा.' चाळीस मुलांचे दळण वीस मिनिटांत आटोपले! जात्यात दाणा एकही नव्हता. एका मुलीने विचारले, "ताई, हे रोज का फिरवायचं?" माहिती देणाऱ्या ताई म्हणाल्या, "तेव्हा गिरणी नव्हती ना, म्हणून." उत्तर बरोबर होते, पण त्या बरोबर उत्तराने प्रश्न जागीच संपला.

तेवढ्यात दालन झाडणाऱ्या मावशींना राहवले नाही. त्यांनी केरसुणी बाजूला ठेवली, मोजमापाच्या मेजावरचे ओंजळभर जोंधळे आणले आणि एक पाय पसरून जात्याशी बसल्या. "वैरण थोडी थोडी घालायची, बाळ. जास्त घातलीस तर भरड पडते. आता धर माझ्यासमोर खुंटा." मुलगी फिरवू लागली. पहिल्या दहा फेऱ्यांत हसत होती, पुढच्या दहांत गप्प झाली, मग हात बदलू लागली. शेवटी जात्याभोवती पिठाची एक बारीक कड दिसली. ती पाहून ती म्हणाली, "एवढंच?"

माझ्या मते त्या दिवसाचा इतिहासाचा तास त्या एका शब्दात झाला. एवढ्या पिठाची एक भाकरीही होत नाही. मग दहा माणसांच्या घरात दिवस उजाडण्यापूर्वी किती फेरे पडत असतील, आणि ते कोणाच्या हातांनी, हा हिशेब तिच्या दंडानेच तिला शिकवला. कार्यक्रमात ते लिहिलेले नव्हते. मावशींचे नावही कार्यक्रमात नव्हते.

मोजमापाचे दालन पुष्कळ चांगले होते, हे मोकळेपणाने सांगतो. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली; मुले धान्य ओतून ओतून हे स्वतः ठरवीत होती. १९५८ पासून देशात दशमान मापे येऊ लागली आणि ही भांडी हळूहळू माळ्यावर गेली. पण तेथेही एक संधी हुकली. दोन मुलांत भांडण लागले : माप काठोकाठ भरायचे की वर शीग ठेवायची? ताईंनी दोघांना गप्प केले. अहो, ते भांडण तर चालू ठेवायचे होते! शीग ठेवायची की नाही, यावर कुळाच्या घरात वर्षाचे दाणे उरत किंवा उरत नसत. घेताना शीग आणि देताना सपाट, हा व्यवहार कित्येकांच्या आज्यापणज्यांनी सोसला आहे. मुले आपल्याआप इतिहासाच्या दारात येऊन उभी राहिली होती. आपण त्यांना रांगेत परत पाठवले.

काचा फोडून टाका, असे मी म्हणत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या, बालपणीच गेलेल्या आपल्या राजाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अशी एकुलती एक वस्तू चाळीस हातांत देणे हा अपराधच होईल. ती काचेतच शोभते. पण साधी जाती अजून परसात पडून आहेत, मापटी मोडीत निघत आहेत. हाताळायला ती खुशाल घ्यावीत.

वस्तू मिळेल, पण ती वापरलेला माणूस फार दिवस मिळणार नाही, ही माझी खरी काळजी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळांचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. असे असताना आमच्या संग्रहालयातले जाते मुके का असावे? आणि ज्यांनी स्वतः दळले आहे, त्या बायांना पाहुण्या म्हणून बोलावून, मानधन देऊन, मुलांसमोर का बसवू नये? अशा कार्यक्रमाची माझी कसोटी साधी आहे. मुलांनी किती वस्तूंना हात लावला ते मोजू नये; घरी जाऊन त्यांनी कोणाला काय विचारले ते पाहावे.

आमच्या नातीने त्या रात्री जेवताना आपल्या आजीला विचारले, "आजी, तू दळलंयस?" आमची ही म्हणाली, "लहानपणी थोडं. पण आमच्याकडे आई आणि आत्या दळायच्या. दोघींचं पटत नसे, दिवसभर अबोला. पहाटे जात्यावर मात्र समोरासमोर बसाव्या लागत. एकटीला ते जातं ओढवत नसे. मग एकीनं ओवी म्हटली की दुसरी पुढची म्हणायची."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. मी कधी विचारलेच नव्हते.