पाद्र्यांच्या बखरी व आपले कुलवृत्तांत

कुलवृत्तांत लिहिण्याची हौस आपल्या सुशिक्षित वर्गांत चांगलीच रुजली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. आजोबांच्या आजोबांचें नांवही ठाऊक नसलेला मनुष्य जुन्या सनदा व कागद शोधूं लागला, तर त्यांत समाजाचें हितच आहे. तथापि ज्यांचें मूळ गोमंतकांत आहे अशा घराण्यांचे वृत्तांत चाळतांना एक उणीव वारंवार डोळ्यांत भरते. पोर्तुगीजांच्या छळामुळें आमचे पूर्वज देव घेऊन अंत्रुजांत आले, एवढें एक वाक्य त्यांत येतें, आणि तेथून लेखणी एकदम शंभर दीडशें वर्षें ओलांडून पलीकडे जाते. हें वाक्य खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण ते कोणत्या गांवाहून आले, कोणत्या वर्षीं आले आणि कोणास मागें ठेवून आले, या प्रश्नांवर प्रकाश पाडणारीं साधनें उपलब्ध असतां त्यांकडे पाठ फिरविणें हें संशोधन नव्हे. ख्रिस्ती धर्मसंघांनीं लिहविलेले आपापल्या प्रांतांचे जुने इतिहास हें त्यांपैकीं एक साधन होय. ते कसे वाचावे व किती मानावे, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

उदाहरणादाखल आम्ही एकच ग्रंथ घेतों. फ्रांसिस्कु द सौझा हा ब्राझीलमध्यें जन्मलेला जेझुइट पाद्री गोव्यांत येऊन राहिला, आणि आपल्या संघाच्या गोवा प्रांताचा इतिहास त्यानें पोर्तुगीज भाषेंत लिहिला. तो १७१० सालीं लिस्बन येथें दोन भागांत छापला गेला. पहिल्या भागांत १५४२ ते १५६३ आणि दुसऱ्यांत १५६४ ते १५८५ पर्यंतची हकीकत आहे. येशू ख्रिस्तासाठीं जिंकलेली पूर्वदिशा असा ग्रंथाच्या नांवाचा अर्थ असून, त्या नांवांतच ग्रंथकाराचा हेतु उघड झाला आहे. त्याला गोमंतकाचा इतिहास लिहावयाचा नव्हता. विजयाची कथा सांगावयाची होती. ज्यांवर तो विजय मिळविला ते लोक त्या कथेंत केवळ प्रसंगानें येतात.

एवढ्यावरून ग्रंथ टाकून द्यावा काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. आपल्या बखरकारांस तरी काय करावयाचें होतें? त्यांस धन्याची कीर्ति गावयाची होती, सौझास आपल्या संघाची. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखर घासून घेण्याची शिस्त महाराष्ट्रास लागली. परंतु त्या शिस्तीमुळें बखरी कोणीं जाळल्या नाहींत. त्या अधिक सावधपणें वाचल्या जाऊं लागल्या, इतकेंच. तीच शिस्त येथें लावणें आहे. कुंकळ्ळीचें प्रकरण १५८३ सालचें आणि सौझाचा ग्रंथ छापला गेला १७१० त; म्हणजे मध्यें १२७ वर्षें गेलीं. संघाच्या मूळ पत्रांचा संग्रह योझेफ विकी या विद्वान जेझुइटानें १९४८ ते १९८८ या काळांत अठरा खंडांत संपादून प्रसिद्ध केला आहे. सौझाचें विधान त्या पत्रांशीं ताडून पाहणें आज शक्य आहे, आणि शक्य असेल तेथें तें न पाहणें अक्षम्य आहे. अर्थात् पत्र झालें म्हणून तेंही निर्मळ सत्य नव्हे. युरोपांतील वाचकांचा उत्साह वाढावा हा हेतु पत्रलेखकासही होताच.

मग यांत विश्वासार्ह तें काय? आमची कसोटी सोपी आहे. ग्रंथकार जें अभिमानानें सांगतो तें जपून घ्यावें, आणि जें जातां जातां सांगून टाकतो तें जपून ठेवावें. साष्टींतील देवळांचेंच पहा. १५६७ सालीं राचोलच्या किल्लेदाराकडून त्या प्रांतांतील देवळें पाडविलीं गेलीं. जेझुइट परंपरेंत त्यांची संख्या २८० अशी दिली जाते. ही संख्या अभिमानाची आहे, आणि तिनें कुलवृत्तांत लिहिणाराच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. याउलट त्याच सुमारास सरकारनें देवळांच्या जमिनींची जी नोंद केली, तिच्यांत गांव, दैवत व शेत यांचीं नांवें आलीं आहेत. ही नोंद महसुलासाठीं होती. तिला कोणाची स्तुति करावयाची नव्हती. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास, कामाक्षी रायेहून शिरोड्यास, आणि दामोदर मडगांवाहून जांबावलीस गेला हें आपण परंपरेनें जाणतों. त्या परंपरेचें मागचें टोंक, म्हणजे जुन्या गांवांतील देवळाची जागा व तिच्या भोंवतींची इनाम शेतें, या सरकारी नोंदींत सांपडतें. ती नोंद कोणत्या घडामोडींत व कोणाच्या आग्रहानें तयार झाली, हें मात्र धर्मसंघाचा इतिहासच सांगतो. एकाशिवाय दुसरें साधन लंगडें आहे.

आतां कुंकळ्ळीकडे वळूं. १५८३ च्या जुलै महिन्यांत देऊळ (चर्च) बांधण्याची जागा पाहण्यासाठीं म्हणून पांच जेझुइट त्या गांवीं गेले असतां गांवकऱ्यांनीं त्यांस ठार मारलें. त्यांत अकबराच्या दरबारीं राहून आलेला रुदोल्फ आक्वाव्हिवा हा होता. या पांचांचीं नांवें, कुलें व चरित्रें त्या परंपरेंत तपशिलानें आलीं आहेत, आणि १८९३ सालीं रोमनें त्यांस धन्य म्हणून जाहीर केलें. त्यांपैकीं कांहींजण पूर्वींच्या मोहिमांत स्वतः देवळें पाडण्यास हजर होते, ही गोष्टही संघाच्याच लेखांत नमूद आहे. लेखकांस ती लपविण्याचें कारण वाटलें नाहीं, कारण त्यांच्या दृष्टीनें तें पुण्यकर्म होतें. गांव इतका कां पेटला, याचें उत्तर शोधणारास याहून चांगला पुरावा विरुद्ध पक्षाकडून कोणता मिळावा? पुढें गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून दग्यानें मारण्यांत आलें. स्थानिक परंपरेप्रमाणें बोलाविलेले सोळा होते व त्यांतील एकजण नदींत उडी टाकून वांचला. त्यांचें स्मारक उभें राहण्यास २००३ साल उजाडावें लागलें. मारलेल्या पाद्र्यांस तीनशें दहा वर्षांनीं वेदी मिळाली, आणि मारलेल्या गांवकऱ्यांस चारशें वीस वर्षांनीं एक दगड मिळाला. इतिहास कोणीं लिहिला होता, याचा हा हिशेब आहे.

या कथेंतील एक लहानसा तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पाद्र्यांबरोबर जीं एतद्देशीय माणसें मेलीं, त्यांत दोमिंगु नांवाचा एक मुलगा होता. तो कुंकळ्ळीचाच, राचोलच्या शाळेंत शिकत असे. देवळें कोठें आहेत हें त्यानें पाद्र्यांस दाखविलें म्हणून त्याला त्याच्याच नात्याच्या माणसानें मारलें, असें ते लेख सांगतात. नातें जें दिलें आहे त्याचा अर्थ काका किंवा मामा असा होतो. पोर्तुगीज भाषेंत या दोघांसही एकच शब्द आहे, आणि परकीय लेखकास त्यांतील भेद महत्त्वाचा वाटला नाहीं. पण आपल्याकडे त्या भेदावर सारें अवलंबून आहे. काका असेल तर मारणारा व मरणारा एकाच कुळाचे. मामा असेल तर दोन कुळांचे. शिवाय त्या मुलाचें बाप्तिस्म्यापूर्वींचें नांव त्या कथेंत येत नाहीं. लेखकाच्या दृष्टीनें तो दीक्षेच्या दिवशीं जन्मला. कुंकळ्ळींतील कोणत्या तरी घराच्या वंशवृक्षावर ही एक फांदी तुटलेली आहे, आणि ती जोडण्याचा धागा ज्यानें दिला त्यानेंच तो अर्ध्यावर कापून ठेवला. या ग्रंथांची शक्ति व मर्यादा एकाच ठिकाणीं पाहावयाची असेल, तर ती येथें पाहावी.

नांवांचा हा घोटाळा सार्वत्रिक आहे. दीक्षा घेणारास बहुधा धर्मपित्याचें आडनांव मिळे. त्यामुळें एका दिवशीं दीक्षित झालेल्या परक्या कुळांचें आडनांव एक होई, आणि निरनिराळ्या वर्षीं दीक्षा घेतलेल्या सख्ख्या भावांचीं आडनांवें दोन होत. तेव्हां आडनांव सारखें म्हणून रक्त एक मानणें, किंवा आडनांव निराळें म्हणून नातें नाकारणें, या दोन्ही चुका टाळल्या पाहिजेत. यावर उपाय आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम घातला, आणि धर्ममातापित्यांचीं नांवें लिहून ठेवण्यास सांगितलें, कारण त्या नात्यांत विवाह निषिद्ध होता. म्हणून आडनांव कोठून आलें याचा उलगडा बाप्तिस्म्याच्या वहींतच होण्याचा संभव असतो. दुसरें साधन गांवकरीचें. गांवचे मूळ गांवकर वांगडांत विभागलेले असून पुरुष वंशजांस गांवच्या उत्पन्नांतील वांटा, म्हणजे जोण, मिळे. देव बदलला, नांव बदललें, पण वांगड बदललें नाहीं. पैशाचा प्रश्न असल्यामुळें त्या हिशेबांत वंशाची चौकशी बारकाईनें होई. आजही फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण शिमग्याच्या दिवसांत कुंकळ्ळीस येते, तेव्हां बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि त्या उत्सवांत हिंदु व ख्रिस्ती असे दोन्ही गांवकर सामील होतात. जें नातें बखरकारानें पुसलें तें छत्रीनें राखलें आहे.

संशोधकांस कांहीं सापळ्यांची सूचना देणें अवश्य आहे. पहिला सापळा गांवांच्या नांवांचा. साष्टी एक गोव्यांत आहे व दुसरी मुंबईजवळ. पोर्तुगीज लेखक दोहोंचें नांव जवळजवळ सारखेंच लिहितात, आणि पुस्तकाच्या सूचीवर विसंबणारा मनुष्य मडगांवचा पूर्वज वांद्र्यास नेऊन बसवितो. दुसरा सापळा संघांचा. साष्टी जेझुइटांकडे होती, बारदेश फ्रान्सिस्कनांकडे. बारदेशकराचें मूळ सौझाच्या ग्रंथांत फारसें सांपडणार नाहीं. त्यानें पाउलु द त्रिंदाद या फ्रान्सिस्कनाचा ग्रंथ पाहावा. तो १६३० ते १६३६ च्या दरम्यान लिहिला गेला, पण छापला गेला १९६२ नंतर. तिसरा सापळा तारखांचा. कुंकळ्ळीची घटना कोठें १५ जुलैची तर कोठें २५ जुलैची सांगितलेली आढळते. हा लेखकांचा मतभेद नसून जुन्या व नव्या कालगणनेंतील दहा दिवसांचें अंतर आहे.

राहतां राहिला प्रश्न मनोवृत्तीचा, आणि आमच्या मतें तोच खरा आहे. या ग्रंथांकडे हिंदु वाचक संतापानें पाहतो व ख्रिस्ती वाचक भक्तीनें पाहतो. दोघांचीही भावना समजण्यासारखी आहे. १५५९ च्या फर्मानान्वयें पोरकीं हिंदु मुलें ज्या प्रदेशांत धर्मसंघाच्या ताब्यांत दिलीं गेलीं, तेथील आठवणी थंड राहाव्या ही अपेक्षाच चुकीची होय. पण संतापानें पानें उलटणारास त्यांत केवळ शत्रु दिसतो आणि भक्तीनें उलटणारास केवळ हुतात्मे दिसतात. पूर्वज मात्र दोघांसही दिसत नाहीं. कारण पूर्वज बहुधा तिसऱ्याच ठिकाणीं उभा असतो: अर्धें घर नदीपार पाठवून अर्ध्या घरानिशीं जमीन राखणारा, एका भावानें देव न्यावा व दुसऱ्यानें शेत धरावें असा करार मनांतल्या मनांत करणारा. अशा माणसास विजयाच्या बखरींत किंवा अभिमानाच्या कुलवृत्तांतांत सहसा जागा मिळत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. गोमंतकीय घराण्याचा वृत्तांत लिहिणारानें धर्मसंघाचा इतिहास प्रथम वाचावा, पण शेवटचा म्हणून मानूं नये. त्यांतून गांव, वर्ष व प्रसंग घ्यावा; नांव बाप्तिस्म्याच्या वहींतून घ्यावें; वंश गांवकरीच्या दफ्तरांतून घ्यावा; आणि या तिहींचा मेळ बसल्यावरच लेखणी उचलावी. असें केल्यास कित्येक हिंदु घराण्यांस आपल्या वृक्षावर ख्रिस्ती नांवांची एक फांदी लिहावी लागेल, व कित्येक ख्रिस्ती घराण्यांस आपलें मूळ अंत्रुजांतल्या एखाद्या देवळाच्या महाजनांत सांपडेल. ज्यांस हें लिहिण्याचें धैर्य नसेल त्यांनीं कुलवृत्तांत न लिहिलेलाच बरा. अर्ध्या कुळाच्या हकीकतीस कुलवृत्तांत हें नांव शोभत नाहीं.