शांतता! कॉल चालू आहे

२०२० च्या मार्चमध्ये आमच्या जवळच्या विद्यापीठातल्या मराठी विद्यार्थ्यांनी विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसवायला घेतले होते. दोन वाचने झाली आणि विद्यापीठ बंद झाले. सुखात्मे वकील करणारा मुलगा विमाने बंद होण्याआधी कसाबसा पुण्याला पोहोचला. बाकीचे अमेरिकेतच नातेवाइकांकडे पांगले. बेणारेबाई करणारी मुलगी मात्र वसतिगृहाच्या ओस पडलेल्या मजल्यावर एकटीच राहिली. मग तालमी व्हिडिओ कॉलवर करायचे ठरले. आमच्या रात्री नऊला पुण्यात सकाळचे साडेसहा! मी सॉफ्टवेअरवाला, त्यातून पीएच.डी.; तेव्हा "काका, तांत्रिक बाजू तुम्ही बघा" असे फर्मान निघाले. नाटकातला मी जाणकार नव्हे, पण त्या तीन महिन्यांत जे पाहिले ते लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात आहे.

नाटक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेले किंवा वाचलेले असेल. १९६७ साली अरविंद देशपांडे यांनी ते दिग्दर्शित केले तेव्हा बेणारे केली होती सुलभा देशपांडे यांनी. एक हौशी नाटकमंडळी खेड्यातल्या सभागृहात वेळ घालवण्यासाठी लुटुपुटूचा खटला चालवते, आणि बघता बघता तो शिक्षिका लीला बेणारे हिच्या खऱ्या आयुष्यावरचा खटला होतो.

पहिली अडचण आली वेळेची. काचेच्या तारेतून जाणाऱ्या प्रकाशालासुद्धा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पुण्याला पोहोचायला साठेक मिलिसेकंद लागतातच. वाटेतली यंत्रे त्यात आपली भर घालतात. संभाषण सहज वाटायचे तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे टेलिफोनचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. गप्पांना तेवढे चालते. सुखात्मे वकिलाच्या उलटतपासणीला चालत नाही. तिथे उत्तर पुरे होण्याआधी पुढचा प्रश्न अंगावर यावा लागतो, आणि आमचा सुखात्मे तर दर वेळी अदबीने थांबून विचारल्यासारखा वाटे. त्यात दोघे एकदम बोलले की सॉफ्टवेअर एकाचा आवाज दाबून टाकी. न्यायाधीश काशीकरांनी टेबलावर हातोडा आपटला की तो ठोका 'गोंगाट' समजून गाळला जाई! ही सोय बंद करण्याचा मार्ग मी शोधून काढला आणि आठवडाभर स्वतःवर खूष होतो.

खरा दोष वेगळाच होता, आणि तो माझ्या लक्षात आला नाही. तिसऱ्या अंकात साक्षींमागून साक्षी होतात आणि बेणारे बराच वेळ गप्प असते. रंगमंचावर ते गप्प असणे आपल्याला सतत दिसत राहते. बोलणारे बोलतात, पण आपली नजर तिच्यावर असते. आमच्या पडद्यावर मात्र जो बोलेल त्याचा चेहरा मोठा होई, आणि जो बोलणार नाही तो कडेला सरकून शेवटी दिसेनासा होई. एका रात्री तिच्या स्वगताची वेळ आली आणि बेणारेचे उत्तरच येईना. दोन-तीन हाका मारल्यावर तिचा कॅमेरा सुरू झाला. ती म्हणाली, "मी पंचवीस मिनिटं इथे नव्हतेच. खिडकीशी जाऊन बसले होते. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

त्यावर कोणीही काही बोलले नाही. जो बोलतो तोच महत्त्वाचा, असे माझ्याच पेशातल्या कोणीतरी कधीतरी ठरवले असणार. आणि आम्ही सर्वांनी ते बिनतक्रार मानले होते. बेणारेच्या खटल्यातून खुद्द बेणारेच गळाली होती. आमची एकटी पडलेली मुलगीही.

त्यानंतर तिचा चेहरा पडद्यावर कायम ठेवला आणि साक्षीच्या वेळी इतरांचे कॅमेरे बंद केले. काळोखातून येणारे आवाज आणि समोर एकच चेहरा. परिणाम जबरदस्त होता. थिएटरमध्ये पंधराव्या रांगेतून इतक्या जवळून बेणारे कधीच दिसली नसती. तरीही माझ्या मते यात नाटकाचे नुकसान झाले. तिच्याकडे पाहताना साक्षीदारांच्या तोंडावर जो आनंद पसरतो, तोच तर या नाटकाचा विषय आहे. ते चेहरे गेले की प्रेक्षकाला दया येते, पण शरम वाटत नाही.

दाराचे काय करायचे, हाही प्रश्न होताच. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस बेणारे निघून जाऊ पाहते तेव्हा दाराला बाहेरून कडी लागलेली असते. कॉलवर तर प्रत्येकाला एका बटणाने बाहेर पडता येते. मग कोंडलेपण दाखवायचे कसे? मी दार आपटल्याचा आवाज सुचवला. मुलीने तो नाकारला. जूनमध्ये प्रयोग झाला तेव्हा ती उठली आणि तिने आपल्या खोलीचे खरे दार उघडले. बाहेर वसतिगृहाचा लांबच लांब रिकामा बोळ, सगळे दिवे चालू. क्षणभर पाहून ती परत येऊन बसली. दाराला कडी नव्हतीच, पण जायचे कुठे? तेंडुलकरांच्या संहितेत हे नाही. तरी मला तो प्रसंग संहितेशी सर्वात प्रामाणिक वाटला.

स्वगताच्या वेळी बाकीची पात्रे स्तब्ध झाली तेव्हा अर्ध्या प्रेक्षकांना इंटरनेट गेल्यासारखे वाटले. तो दोष आमच्या पदरी घ्यायलाच हवा. शेवटी साधाभोळा सामंत हिरवा कापडी पोपट बेणारेजवळ ठेवतो. दोन घरांत दोन सारखे पोपट ठेवून 'देवाणघेवाण' दाखवण्याची युक्ती निघाली होती. ती टाळली हे उत्तम झाले. सामंताने पोपट आपल्याच कॅमेऱ्यासमोर ठेवला आणि तो उठून गेला. एका चौकटीत पोपट राहिला आणि दुसरीत बेणारे, मध्ये एक बारीक रेघ.

मंडळाच्या काही सभा अजूनही कॉलवर होतात. सर्वांच्या चौकटी एकदम दिसतील अशी व्यवस्था मी आधी करून घेतो, आणि बराच वेळ गप्प असलेल्याला नावाने हाक मारतो. काही सभासदांना त्याचा राग येतो म्हणे. येऊ दे.