दुष्काळाचा कर्ता कोण?

कोणत्याही समाजाची राजकीय समज किती वाढली आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या विधिमंडळातील भाषणे वाचण्यापेक्षा त्यातील सामान्य माणूस आपल्या दैन्याचे खापर कोणाच्या माथी फोडतो, हे पाहणे अधिक उपयुक्त होय. दैवाच्या, सावकाराच्या, शेजारच्या गावाच्या, की सरकारच्या? हे उत्तर बदलले म्हणजे समाजही बदलला असे खुशाल समजावे. मराठी वाङ्मयात दुष्काळाचे चित्र पुनःपुन्हा आले आहे. त्यातील कारुण्याची, बोलीची आणि निसर्गवर्णनाची वाखाणणी आम्ही पुष्कळ केली. परंतु त्या चित्रातील माणसे ह्या एका प्रश्नाचे काय उत्तर देतात, ह्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही. तो येथे तीन प्रसिद्ध पुस्तकांच्या आणि जत तालुक्यातील एका ठरावाच्या आधारे करावयाचा आहे.

पुस्तकांच्या पंक्तीस ग्रामसभेचा ठराव बसवलेला पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्या लिखाणात माणसे आपली स्थिती, तिचे कारण आणि तिचा उपाय मांडतात, त्यास टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण नाही. जत हे डफळे घराण्याचे जुने संस्थान. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, आणि आज तो सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडील तालुका आहे. खिलार बैल, माडग्याळी मेंढी, गुड्डापूरची दानम्मादेवी ही त्याची ओळख. आणि ऊसतोडीसाठी दरसाल घरदार सोडून पश्चिमेकडे जाणारी माणसे, हीही त्याचीच ओळख. त्याच्या पूर्व भागात कानडी आणि मराठी एकाच उंबऱ्यात नांदतात. ह्या भागातील चाळीसच्या आसपास गावांनी २०१२ साली, पाण्यावाचून जीव कासावीस झाला असता, ठराव केला की महाराष्ट्रास पाणी देणे जमत नसेल तर आम्हांस कर्नाटकात जाऊ द्यावे. दहा वर्षे तो कागद कोणाच्या फारसा ध्यानात राहिला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याचा उच्चार करताच मात्र एकदम गहजब झाला. ठराव जुना आहे, नवा नव्हे, असा खुलासा महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केला. त्याच सुमारास कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी तिकोंडीच्या तलावात येऊन पडले, आणि इकडे सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची घोषणा झाली. कोणी ह्या ठरावास फितुरी म्हटले, कोणी पक्षीय खेळी म्हटले. त्यात एक विचार आहे, आणि तो साधा नाही, इकडे लक्ष थोड्यांचेच गेले.

तो विचार नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. म्हणजे १८७६ ते ७८ च्या महादुष्काळाची राख पुरती निवालीही नव्हती तेव्हाचा. ह्या ग्रंथाची भाषा कित्येकांस रांगडी वाटली, त्यातील जातिविषयक रोख कित्येकांस झोंबला; आणि ह्या दोन गोष्टींच्या वादात त्यातील अर्थविचार मागे पडला. वास्तविक फुल्यांचा शेतकरी आभाळाकडे पाहून रडत नाही. तो सारा, पाणीपट्टी, जंगलखात्याने बंद केलेली गायराने, अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी ह्यांचा जमाखर्च मांडतो. इतकेच करून तो थांबत नाही, तर उपायही सांगतो. रिकामे बसलेले गोरे-काळे शिपाई लावून सरकारने जागोजाग ताली आणि बंधारे घालावेत, पावसाचे पाणी जमिनीत जिरवावे, म्हणजे विहिरींस पाणी राहील, ही त्यातील सूचना आजच्या जलसंधारणाच्या पुस्तकात जशीच्या तशी घालता येईल. दुष्काळ हे निसर्गाचे कृत्य असेल, पण दुष्काळातील मरण हे राज्यकारभाराचे कृत्य होय, हा सिद्धांत मराठीत इतक्या रोखठोकपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी मांडला असेल.

ह्यानंतर बहात्तर वर्षांनी, १९५५ साली, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. कलाकृती म्हणून तिची योग्यता वादातीत आहे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो, शाळा उभी राहते, गावाच्या श्रमाने तालीम उभी राहते, प्रत्यक्ष राजे ती पाहावयास येतात. आणि मग पाऊस तोंड फिरवतो. मेंढरे मरतात, माणसे परागंदा होतात, वाडी ओस पडते. हे सर्व माडगूळकरांनी इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या संयमाने सांगितले आहे की, वाचकाचा कंठ दाटून येतो. परंतु येथे दुष्काळाचा कर्ता कोण, असा प्रश्न केला तर उत्तर एकच मिळते: ऋतू. जाब मागण्याचा विचार ह्या माणसांच्या मनावर कोठेही वर्चस्व गाजवीत नाही. ती आली तशी जातात. गंमत अशी की, ज्या औंध संस्थानाच्या भूमीवर ही कथा घडते, तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना अमलात आणली होती आणि तिचा पाया गावपंचायतीवर ठेवला होता. गांधीजींनी तिच्या रचनेत स्वतः लक्ष घातले होते. त्या मुलखातील माणसे तेव्हा कारभाराचा काथ्याकूट करीत नसतील, हे संभवत नाही. कादंबरीने तो काथ्याकूट वगळला आणि मौन तेवढे घेतले.

तिसरे पुस्तक अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’, साल १९५९. माडगूळकर आटपाडीकडचे, साठे वाळव्याकडच्या वाटेगावचे. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र. पण दृष्टी किती भिन्न! फकिराच्या वस्तीत उपासमार येते तेव्हा तो ती सोशीत बसत नाही. धान्य कोठे साठले आहे, पैसा कोठे साठला आहे, आणि आपल्या माणसांस रोजची हजेरी देण्यास कोण भाग पाडते, हे त्यास पक्के ठाऊक आहे. म्हणून तो धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना लुटतो. येथे दुष्काळाचा कर्ता सापडला आहे खरा. पण त्याच्याशी बोलण्याचा मार्ग एकच उरला आहे, तो म्हणजे कुऱ्हाडीचा. फकिरास मत नाही, अर्ज नाही, ग्रामसभा नाही. त्याचा न्याय वीराचा आहे, नागरिकाचा नव्हे. आणि तो तसाच असणे त्या काळास अनुरूप होते.

आता ह्या तिहींच्या पुढे जतचा ठराव ठेवून पाहावा. त्यात बनगरवाडीचे मौन नाही आणि फकिराची कुऱ्हाडही नाही. फुल्यांचा जमाखर्च मात्र आहे. पाऊस का पडला नाही, असे तो विचारीत नाही. कृष्णेचे पाणी आमच्यापर्यंत का आले नाही, असे तो विचारतो. आणि ह्या विचारण्यास आधार आहे. कृष्णेच्या पाण्यातील ५६० टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, महाराष्ट्राच्या वाट्यास बचावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात दिले. म्हैसाळची उपसा योजना गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हाती घेण्यात आली. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले आणि रोखे विकून भांडवल उभे करण्यात आले. राज्यावर सर्व प्रमुख पक्षांची सरकारे येऊन गेली. सांगली जिल्ह्याने तर वसंतदादा पाटलांच्या रूपाने मुख्यमंत्री दिला, आर. आर. पाटलांच्या रूपाने गृहमंत्री दिला, जयंत पाटलांच्या रूपाने अर्थमंत्री आणि पुढे जलसंपदामंत्रीही दिला. तरी जतच्या पूर्वेचे शिवार कोरडेच राहिले. अशा स्थितीत पारावर बसलेला माणूस ‘हा पक्ष की तो पक्ष’ हा वाद कितीही रंगात येऊन घालो, त्याचा अनुभव त्यास सांगत असतो की, प्रश्न पक्षाचा जितका आहे त्याहून राज्य नावाच्या संस्थेचा अधिक आहे. सीमा ओलांडण्याची भाषा त्यातून आली. राज्यावरील निष्ठा ही निरपेक्ष नसून राज्याने पाळावयाच्या काही कर्तव्यांशी बांधलेली आहे, हेच ती भाषा सांगते. पुण्यामुंबईच्या व्यासपीठावर हाच सिद्धांत पाश्चात्त्य ग्रंथकारांच्या नावाने कोणी मांडला असता, तर आम्ही त्यास विद्वान म्हटले असते.

असे असता ह्या वादविवादास मराठी साहित्यात काय स्थान मिळाले? बहुधा विनोदाचे. गावची निवडणूक, सरपंचाची खुर्ची, पुढाऱ्याचे भाषण, मिरवणुकीची फजिती, हे आमच्या ग्रामीण कथेचे आवडते विषय होत. त्यातील कित्येक कथा खरोखर उत्तम आहेत, आणि त्यांनी हसवले ह्याबद्दल तक्रार करणे कोतेपणाचे होईल. पण दुष्काळात खेडूत दिसला की त्याने उसासा टाकावा, आणि राजकारणात दिसला की त्याने हसे करून घ्यावे, अशी जी वाटणी होऊन बसली आहे ती न्यायाची नव्हे. खेडूत रडतो आणि हसवतो, तसाच तो युक्तिवादही करतो. विश्वास पाटलांची ‘पांगिरा’ किंवा सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ अशा कादंबऱ्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या वाटेने जाणारे अद्याप थोडेच आहेत.

तथापि जतच्या माणसाची बाजू घेताना त्याच्या वादातील दोष झाकणे हीही एक प्रकारची तुच्छताच होय. पहिला दोष ‘मायबाप’ ह्या शब्दात आहे. मायबापाकडे मागता येते, रुसता येते, प्रसंगी घर सोडून जाण्याची धमकी देता येते; हिशेब मात्र मागता येत नाही. ठरावाच्या सुरात हे रुसणे आहेच. एका घरी पोट भरत नसेल तर दुसऱ्या घरी जाऊ, असे म्हणणारा अजून घरधन्याच्या कल्पनेतून बाहेर पडलेला नसतो. दुसरा दोष असा की, पाणी कोणी आणले, ह्या प्रश्नावर जितकी भांडणे होतात, तितकी पाणी कोणत्या नियमाने वाटावयाचे ह्यावर होत नाहीत. म्हैसाळचे पाणी चढावर उपसावे लागते, त्यास वीज लागते. त्या विजेच्या बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी सोसावेत असे सूत्र पुढे ठरले. हे ८१ टक्के कोणाच्या खिशातून येतात, उसास किती पाणी द्यावे आणि ज्वारीस किती, कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावाने किती घ्यावे आणि शेवटच्या गावास किती उरावे, हे प्रश्न नीरस आहेत. पण अर्थव्यवस्थेविषयी सरकारची जबाबदारी म्हणतात ती नेमकी ह्याच नीरस प्रश्नांत राहते. पुढाऱ्याच्या हस्ते होणाऱ्या जलपूजनात ती राहत नाही.

सांगली जिल्ह्याचेच दुसरे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्यास काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही कल्पना त्यांनी आपल्याच भागात प्रयोग करून पुढे आणली. १९७२ च्या दुष्काळात तिचा कस लागला. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. तो विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी लागणारा पैसा उभारण्याकरिता शहरातील पगारदार आणि व्यावसायिक ह्यांच्यावर १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. हा लेख वाचणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या पगारपत्रकात ती लहानशी रक्कम महिन्याच्या महिन्याला कापली गेली आहे. ती मुळात कशासाठी, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल. ‘मायबाप’ हा शब्द येथे संपला आणि ‘हक्क’ हा शब्द सुरू झाला. खडी फोडणारी बाई कोणाच्या दयेवर जगत नव्हती, तर कायद्याच्या कलमावर उभी होती. ह्या स्थित्यंतराची महती जेवढी मोठी, तेवढी मोठी कादंबरी आमच्याकडे त्यावर झालेली नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाही. कलेचे क्षेत्र मानवी मन हे आहे. तिने सरकारी अहवालाचे काम का करावे? टक्केवारी आणि टीएमसी ह्यांत रस कोठून निर्माण होणार? आमचे उत्तर असे की, कलेने अहवाल लिहावा असे कोणीच म्हणत नाही. परंतु मन म्हणजे केवळ दुःख आणि वासना नव्हे. विचार करणे, शंका घेणे, दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढणे, आणि आपले म्हणणे पटले नाही म्हणजे तळमळणे, हीही मनाचीच कार्ये होत. ज्याची ओंजळ कोरडी आहे असा माणूस ५६० ह्या आकड्याकडे कसा पाहतो, हा रसाचा विषय नाही असे कोण म्हणेल? बनगरवाडीच्या धनगरांस माडगूळकरांनी जो संयमी जिव्हाळा दिला, तोच त्यांच्या नातवंडांच्या वादविवादास कोणी तरी दिला पाहिजे.

मराठी लेखकाने ह्या माणसांवर पुष्कळ दया केली, त्यांची पुष्कळ थट्टाही केली. आता त्यांच्याशी वाद घालावा. ज्याच्याशी आपण वाद घालतो त्याला आपण बरोबरीचा मानतो. जतच्या पारावरील माणसाने शासनाकडे मागितले ते पाणी होय. साहित्याकडे त्याने काही मागितलेले नाही. तथापि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे आणि ते चुकत असेल तेथे चूक दाखवणे, एवढे देणे आमच्या साहित्याकडे निघते.