फोर्ट्रानमधील ‘इन्क्लूड’ : समावेश अक्षरांचा की अर्थाचा?

फोर्ट्रान भाषेतील आज्ञावलीत बाहेरील फाइलची संहिता ‘इन्क्लूड’ या ओळीने आणता येते. १९७८ च्या फोर्ट्रान ७७ प्रमाणकात ही सोय नव्हती. त्याच वर्षीच्या अमेरिकन लष्करी प्रमाणकाने ती पुरविली आणि १९९१ मध्ये फोर्ट्रान ९० ने तीस मान्यता दिली. परंतु फोर्ट्रान ९० नेच ‘मॉड्यूल’ही दिले. दोहोंचे कार्य एकच, हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘पाट’ हा शब्द शेतात पाण्याचा असतो, पंगतीत बसावयाचा. अर्थ ठरवितो तो संदर्भ. ‘इन्क्लूड’चे तसेच आहे. कंपायलर त्या ओळीच्या जागी फाइलचा मजकूर जसाच्या तसा ठेवतो व यजमान आज्ञावलीच्या नियमांनी त्याचा अर्थ लावतो.

धाराशिव जिल्ह्यातील आठ तालुक्यांच्या दैनिक पावसाची सरासरी काढणारी फाइल कल्पावी. तीत सरासरीस ‘मीन’ हे नाव दिले आहे, पण त्याचा प्रकार घोषित केलेला नाही. फोर्ट्रानच्या रूढ नियमाने ‘आय’ ते ‘एन’ या अक्षरांनी आरंभ होणारी नावे पूर्णांक ठरतात. त्यामुळे सरासरी २.७ मिलिमीटर असली तरी साठविली जाते ती २. हवामान खाते २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेला दिवस पावसाचा मानते. तो निकष येथे लावल्यास ओला दिवस कोरड्यात जमा होईल, आणि तोही कोणतीही सूचना न मिळता. अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही चूक क्षुल्लक नव्हे. यजमानाने सर्व नावे वास्तव संख्येची ठरविली असल्यास तीच फाइल अचूक उत्तर देते. त्याने ‘इम्प्लिसिट नन’ लिहिले असल्यास कंपायलर तिला नाकारतो. फाइल एक, परिणाम तीन.

फाइलमध्येच प्रकार घोषित करावा, असा आक्षेप येईल. त्याने हा दोष टळतो. परंतु यजमानाकडे तेच नाव आधीपासून असल्यास संघर्ष उरतोच. मॉड्यूल आपल्या घोषणा स्वतःबरोबर बाळगते. त्यातील नावांचा प्रकार यजमान बदलला तरी बदलत नाही, आणि ‘ओन्ली’ लिहून हवी तेवढीच नावे घेता येतात.

‘इन्क्लूड’ची सेवा मात्र नाकारता येणार नाही. मॉड्यूल नव्हते तेव्हा ‘कॉमन’ खंडाच्या घोषणा सर्व उपआज्ञावलींत एकसारख्या राखण्याचे ते मोठे साधन होते. तथापि २०२३ च्या एमपीआय ४.१ प्रमाणकाने फोर्ट्रानसाठीची आपली जुनी समावेश-फाइल त्याज्यप्राय ठरविली, हे योग्यच झाले. जी संहिता अनेकांनी वापरावयाची, तिचा अर्थ तिच्यापाशीच असला पाहिजे.