पत्र्याचा कान आणि घरांची सभा

'कुटुंबांच्या प्रतिनिधींनी चालवलेला कारभार' असं ऐकलं की मराठी डोक्यात पहिला शब्द येतो तो घराणेशाही. साहजिकच आहे. आमदारकी, साखर कारखाना आणि जिल्हा बँक एकाच वाड्यात फिरताना आपण पाहिलेली असते. पण हाच चष्मा लावून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या गिट्क्सान या आदिवासी समाजाचा कारभार वाचायला घेतला, तर पहिल्याच पानावर ठेच लागते.

तिथं कारभाराचं मूळ एकक म्हणजे 'विल्प', अर्थात घर. माणूस कुठल्या घरचा, हे आईवरून ठरतं. लग्न स्वतःच्या कुळात करायचं नसतं. त्यामुळे पुरुष प्रमुखाचा मुलगा त्याच्या घरचा नसतोच, तो आईच्या घरचा असतो. बापाची गादी मुलाला देण्याची वाटच मुळात बंद. प्रमुखाचं नाव बहुधा भाऊ, बहीण, भाचा किंवा भाचीकडे जातं, तेही आपोआप नाही. त्यासाठी मेजवानी भरवावी लागते, दुसऱ्या कुळांच्या लोकांना साक्षीला बोलवावं लागतं. नाव आणि त्याबरोबर येणारी जमीन, गाणी, कथा असं सगळं त्यांच्यासमोर जाहीर करावं लागतं. साक्षीदारांना भेटी द्याव्या लागतात. भेट स्वीकारली म्हणजे नाव मान्य केलं. यात मला आमदारपुत्रापेक्षा गायकीचं घराणं जास्त दिसतं. नाव मोठं, माणूस त्याचा काही काळापुरता धनी.

सरकारनं 1884 साली कायदा करून या मेजवान्यांवर बंदी आणली. ती 1951पर्यंत टिकली. म्हणजे सुमारे साडेसहा दशकं तिथं सभा भरवणं हाच गुन्हा होता. त्याच काळात 'इंडियन अॅक्ट'खाली निवडणुकीनं येणाऱ्या परिषदा लादल्या गेल्या आणि त्या निवडणुकांत 1951पर्यंत स्त्रियांना मत नव्हतं. ज्या समाजात घर आईवरून ठरतं, तिथं लोकशाही म्हणून हे आणलं गेलं! आधुनिक निवडणूक विरुद्ध मागास वंशपरंपरा, अशी सोपी मांडणी कुणी केली तर हा तपशील त्याच्यापुढे ठेवावा.

आता मुख्य मजकुराकडे येऊ. तो आहे एक न्यायनिवाडा आणि मी तो समीक्षेचा नमुना म्हणून वाचतो. गिट्क्सान आणि त्यांचे शेजारी वेट्सुवेटेन यांच्या घरप्रमुखांनी 58,000 चौरस किलोमीटर प्रदेशावर हक्क सांगितला. 1987 साली सुनावणी सुरू झाली. खटल्याचं नाव 'डेल्गमूक'. हे एका घरप्रमुखाचं नाव, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. 1997च्या निकालावर त्या नावाचे धनी म्हणून अर्ल मल्डो आहेत. त्यांच्याआधी याच नावानं दुसरे लोक लढत होते. माणसं बदलली, फिर्यादी तोच राहिला. घर म्हणजे काय, हे समजायला याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

पुरावा म्हणून घरांनी आणले 'अदाअक', म्हणजे घराचा मौखिक इतिहास, आणि त्यातली गाणी. मेरी जॉन्सन या वृद्ध घरप्रमुख साक्षीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या कथेत एक शोकगीत होतं आणि ते गाऊनच सांगायचं होतं. न्यायमूर्ती अॅलन मॅकईकर्न अस्वस्थ झाले. माझा कान पत्र्याचा आहे, गाऊन काही उपयोग नाही, अशा आशयाचं ते बोलले. शब्द लिहून दिले तर चालणार नाही का, असा त्यांचा रोख होता. ते गाणं त्या घराच्या मालकीचं होतं, आणि ते गाता येणं हाच जमिनीवरच्या हक्काचा दस्त होता. सातबारा वाचायला दिला आणि तलाठी म्हणाला की मला अक्षरओळख नाही, असा हा प्रकार.

1991चा त्यांचा निकाल जवळपास 400 पानांचा आहे. त्यात या लोकांच्या जुन्या आयुष्याला 17व्या शतकातल्या हॉब्जचं वर्णन चिकटवलेलं आहे: क्रूर, रानटी, अल्पायुषी. मौखिक इतिहासाला स्वतंत्र वजन नाकारलं आहे. कथा ऐकून घेतल्या, पण पुरावा मानल्या नाहीत. समीक्षकाचं हे जुनंच पाप. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही चूक ठरवली. मौखिक इतिहासाला कागदी पुराव्याच्या बरोबरीनं तोललं पाहिजे, असं सरन्यायाधीश लामेर यांनी लिहिलं. पण जमीन कुणाची, याचा फैसला झाला नाही. फेरसुनावणीचा आदेश निघाला. ती कधीच झाली नाही.

शेजारच्या निस्गा समाजानं दुसरी वाट धरली. त्यांच्यातही अशीच घरं आहेत. मे 2000 मध्ये अमलात आलेल्या करारानं त्यांना सुमारे 2,000 चौरस किलोमीटर जमीन आणि स्वतःचं निवडून येणारं सरकार मिळालं. घरप्रमुख आणि जाणते वडीलधारे यांच्यासाठी राज्यघटनेत ज्येष्ठांची परिषद ठेवली. परंपरा आणि रूढ कायदे यांवर ती सल्ला देते. 'सल्ला' या शब्दापाशी मी अडतो. मेजवानीतला घरप्रमुख सल्ला देत नव्हता, तो निर्णयाचा भाग होता. तरीही या रचनेला नुसती शोभेची म्हणणं अन्याय होईल. निस्गांच्या हातात आज कायदे करण्याची ताकद आहे, डेल्गमूकच्या हातात एक अजरामर निकाल. निस्गांतल्याच एका प्रमुखानं करारालाच आव्हान दिलं होतं. ते 2013 मध्ये अपील न्यायालयानं फेटाळलं.

वेट्सुवेटेन प्रदेशातून 'कोस्टल गॅसलिंक' ही वायूची पाइपलाइन नेताना हे सगळं पुन्हा उफाळलं. मार्गावरच्या 20 निवडून आलेल्या परिषदांनी करारावर सह्या केल्या. वेट्सुवेटेन वंशपरंपरागत प्रमुखांनी मात्र नकार दिला. परिषदेचा अधिकार राखीव वस्तीपुरता आणि बाकीची जमीन घरांची, असं त्यांचं म्हणणं. पोलिस आले, अटका झाल्या, 2020च्या सुरुवातीला देशभर रेल्वे अडवली गेली. मे महिन्यात केंद्र आणि प्रांत सरकारनं या प्रमुखांशी समझोता केला. आम्हाला विचारलंच नाही, म्हणून निवडून आलेले प्रमुख चिडले.

इथं माझी सहानुभूती घरांच्या बाजूला आहे, पण एक गोष्ट खटकते. पाइपलाइनच्या बाजूनं बोलणाऱ्या काही स्त्रियांची प्रमुखपदाची नावं काढून घेण्यात आली. नाव काढून घेण्याची रीत या परंपरेत आहे, हे खरं. पण नाव द्यायला मेजवानी लागते आणि परक्या कुळांची साक्ष लागते, तर काढून घेताना कुणाची साक्ष होती? बाहेरच्या न्यायाधीशाला विचारलेला हा प्रश्न नाही. घरांच्याच नियमातून तो निघतो आणि घरांनाच त्याचं उत्तर द्यावं लागेल.