कर्णाची वकिली

महाभारतावरची नवी मराठी कादंबरी हाती आली की तिचा नायक बहुधा कर्ण असेल आणि अखेरच्या प्रकरणापर्यंत तो साऱ्या आरोपांतून निर्दोष सुटलेला असेल, असे न वाचताच सांगता यावे, इतकी ही वकिली आता सरावाची झाली आहे. 'ययाति'च्या वाटेने गेलेल्या बोधप्रधान कादंबऱ्यांची दखल येथे घेण्याचे कारण नाही. महाभारतातून व्यवस्थापनाचे धडे काढणारी पुस्तके तर वाङ्मयाच्या दप्तरी दाखलच होऊ नयेत.

भांडारकर संस्थेची १९१९ मध्ये आरंभिलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' व शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' वाचकांपुढे आली. एकीने व्यासांच्या पात्रांकडे निष्ठुर डोळ्यांनी पाहिले, दुसऱ्याने भक्तीने. पुढची पिढी कोणाच्या मागे गेली हे सांगायला नको. सावंतांच्या भाषेचा आवेग मी नाकारीत नाही; अनुकरण करणाऱ्यांच्या पदरात मात्र केवळ माफीनामा उरला.

या माफीनाम्याचा मुख्य आधार म्हणजे स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून केलेला अव्हेर. तो प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत नाही, तळटीपांत आहे. संहितेत आहे ते सभापर्वातील भाषण, ज्यात कर्ण द्रौपदीला कुलटा ठरवतो आणि तिची वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगतो. घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळणाराही तोच. आणि उद्योगपर्वात कृष्णाने जन्मरहस्य उघड करून राज्य देऊ केले असता, पराभव डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत असूनही ते नाकारणारा, हे युधिष्ठिराला सांगू नकोस अशी विनंती करणारा आणि पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे सांगणारा, तोही हाच कर्ण. ज्याने अपराधच केला नाही त्याच्या तोंडी हा पश्चात्ताप कोठून यावा?

महाकाव्याचा नायक सर्वत्र असाच घडलेला आहे. अकिलीसच्या रोषापायी ग्रीकांची प्रेते पडतात, मित्र पॅट्रोक्लस मरतो, आणि होमर त्याची एक जबाबदारीही कमी करीत नाही. म्हणूनच प्रायामला पुत्राचे शव परत देणाऱ्या त्या हातांना वजन येते. ऑलिव्हरने विनवूनही रोलाँ शिंग फुंकीत नाही, पिछाडीचे सैन्य कापले जाते, आणि फ्रेंच कवी तो हट्ट झाकीत नाही.

जातीने हिणवलेल्याची ही बाजू आहे, असा आक्षेप येईल. पण रंगभूमीवर कृपाने विचारलेले कुळ आणि भीमाने दिलेला चाबकाचा टोमणा व्यासांनी लपवलेले नाहीत. अवमानाची फिर्याद मूळ ग्रंथातच रुजू आहे. अवमान झाला म्हणून पुढच्या कृत्यांचे कर्तृत्वच त्याच्या नावावरून खारीज करायचे, म्हणजे भीमाने जे नाकारले तेच, म्हणजे बरोबरीचा मान, आपणही नाकारायचा. यापुढे कर्णावर लिहिणाऱ्याने सभापर्वातील ते भाषण गाळता कामा नये, आणि त्यातला एकही शब्द दुर्योधनाच्या किंवा नियतीच्या खात्यावर टाकता कामा नये.