रेषेचा परकायाप्रवेश

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्रीची गोष्ट. घरची मंडळी फराळ आटोपून झोपायच्या वाटेला लागली होती. माझी नात म्हणाली, “आजोबा, आज तुम्हांला एक जपानी सिनेमा दाखवते.” मी चकल्यांची बशी घेऊन तिच्याशेजारी बसलो. चित्रपट होता ‘घोस्ट इन द शेल’. १९९५ सालचा, मामोरू ओशी यांनी दिग्दर्शित केलेला आणि सगळाच्या सगळा रेखाटलेला. तो संपला तेव्हा बशीतल्या चकल्या तशाच राहिल्या होत्या. तरीही मी जे बोललो ते असे : “कार्टून असून बरेच गंभीर आहे गं! ह्याच कथेवर पुढे खराखुरा चित्रपट निघाला म्हणतात. तो लाव पाहू.”

नात म्हणाली, “उद्या लावते. पण मग खरा कुठला, ते तुम्ही सांगायचं.”

भाऊबिजेच्या रात्री तो दुसरा चित्रपटही पाहिला. मात्र नातीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला एक वर्ष लागले. जन्मभर नाटके आणि चित्रपट पाहून त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या माणसाला हे थोडे लाजिरवाणेच. पण सणासुदीच्या दिवशी खोटे कशाला बोला? रेखाटलेला चित्रपट म्हणजे मुलांचा खाऊ, आणि हाडामांसाची माणसे पडद्यावर आली म्हणजे थोरांचे जेवण, अशी माझी समजूत होती. ती कशी मोडली ते सांगण्यासाठीच हा लेख.

जपानी लोक अशा रेखाटलेल्या चित्रपटांना ‘आनिमे’ म्हणतात. मी ह्या लेखापुरता ‘रेखापट’ म्हणेन. ‘घोस्ट इन द शेल’ची मूळ कथा मासामुने शिरो यांच्या चित्रकथेतली, ती १९८९ पासून प्रसिद्ध होऊ लागली. नावातला ‘घोस्ट’ म्हणजे आपले पिंपळावरचे भूत नव्हे. देहाच्या कवचात वस्तीला असलेला जीव, असा त्याचा अर्थ. काळ २०२९ सालचा. मोतोको कुसानागी ही सरकारच्या एका गुप्त पथकातली अधिकारी. तिचा मेंदू तेवढा माणसाचा. बाकी देह, त्वचेपासून बोटांच्या टोकांपर्यंत, कारखान्यात घडवलेला. तिच्या मनाला एकच शंका कुरतडत असते. देह जर बनवलेला, तर आत जे ‘मी’ म्हणते तेही कुणी बनवलेलेच नसेल कशावरून?

आता ओशींनी ही शंका कशी मांडली आहे पाहा. चित्रपटाच्या मध्यावर सुमारे तीन मिनिटे कुणी काहीही बोलत नाही. हाँगकाँगच्या धर्तीवर रेखाटलेले एक शहर, त्यातले कालवे, पाऊस, आणि केंजी कावाई यांचे ते अंगावर काटा आणणारे समूहगान. मोतोको नावेतून जात असते. वर एका खिडकीत तिला एक बाई बसलेली दिसते, आणि त्या बाईचा चेहरा हुबेहूब तिचाच असतो. पुढे दुकानाच्या काचेआड कपड्यांचे पुतळे उभे असतात. बस्स, एवढेच. पण त्या क्षणी पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की मोतोको, ती खिडकीतली बाई, ते पुतळे आणि छत्र्या घेऊन चाललेली माणसे ही सारी एकाच रेषेची लेकरे आहेत. ह्यांतले सजीव कोण आणि निर्जीव कोण, हे डोळ्यांना सांगताच येत नाही. मोतोकोची शंका प्रेक्षकाची शंका होते, आणि ती व्हायला एका शब्दाचीही गरज पडत नाही.

दुसरा प्रसंग त्याहून साधा आणि म्हणून अधिक जिव्हारी लागणारा. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा एक माणूस बायकोशी बिनसल्याची कहाणी सोबत्याला ऐकवतो, मुलीवर आपला किती जीव आहे ते सांगतो. पुढे पोलीस त्याला समजावून सांगतात की बाबा रे, तुला बायकोही नाही आणि मुलगीही नाही. ह्या आठवणी कुणीतरी तुझ्या डोक्यात घातल्या आहेत. मुलीचा म्हणून जो फोटो तो जपत होता, त्यात त्याचा स्वतःचाच चेहरा निघतो. आठवण हा ‘मी’चा पुरावा होऊ शकत नाही, हे ह्या एका माणसाच्या रडण्याने सिद्ध होते. आठवणही खोटी ठरू शकते, देह तर बनवलेलाच; मग उरले काय? रेखापट हा प्रश्न सोडवत नाही. तो आपल्याला त्या प्रश्नापाशी नेऊन उभे करतो.

२०१७ साली हॉलिवूडने ह्या कथेला माणसांचा देह दिला. दिग्दर्शक रूपर्ट सँडर्स, नायिका स्कार्लेट जोहान्सन. चित्रपट वाईट श्रमांचा नाही, हे आधीच सांगतो. न्यूझीलंडमधल्या कारागिरांनी घडवलेल्या यंत्र-गेशांचे चेहरे पाहत राहावेत असे आहेत. ताकेशी कितानो हे पथकप्रमुखाच्या भूमिकेत नुसते बसले तरी वजन पडते. रेखापटातले प्रसंगही किती इमानाने उचलले आहेत! कृत्रिम देह घडण्याचा आरंभ, उंच इमारतीवरून उडी, उथळ पाण्यातली झटापट, समुद्रातली बुडी, कोळ्यासारख्या यंत्राशी झुंज. सारे आपापल्या जागी आहे.

समुद्रातल्या बुडीचेच उदाहरण घेऊ. रेखापटात मोतोको पाण्याबाहेर येते तेव्हा सहकारी तिला विचारतो, तुझा देह लोखंडासारखा जड; बुडालीस तर? मग पाण्यात उतरतेसच कशाला? तळाच्या अंधारात भीती वाटते, एकाकी वाटते, आणि वर तरंगत येताना कदाचित थोडी आशाही वाटते, अशा आशयाचे ती बोलते. रेषेने काढलेल्या, क्वचितच पापणी हलवणाऱ्या त्या चेहऱ्यावर ह्यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच ते आपण आपल्या पदरचे तिला देतो. ती भीती आपली असते. नव्या चित्रपटात एक कसलेली नटी पाण्याबाहेर येते. तिचा श्वास, तिच्या गळ्याची हालचाल, ओल्या पापण्या, सारे जिवंत. हिच्यात जीव आहे की नाही असा प्रश्न तिच्याकडे पाहून कुणाला पडावा? कॅमेऱ्याने पहिल्याच दृश्यात उत्तर देऊन टाकलेले असते.

पटकथाकारांना ही अडचण जाणवली असावी, कारण त्यांनी प्रश्नच बदलला. मूळ रेखापट विचारतो, ‘मी’ म्हणजे काय? नवा चित्रपट विचारतो, मी पूर्वी कोण होते? इथे नायिका मीरा नावाने वावरते. आपण मुळात मोतोको नावाची जपानी मुलगी होतो, एका कंपनीने आपल्याला पळवून आपला मेंदू ह्या देहात घातला, हे तिला कळते. आईची भेट होते. अखेरीस मोतोकोच्या थडग्यापाशी ती आईला सांगते की आता तुला इथे यायला नको. आईच्या भूमिकेत काओरी मोमोई यांनी फार हळुवार काम केले आहे, आणि माझे डोळे तिथे ओले झाले हे मी कबूल करतो. पण हरवलेले लेकरू आईला सापडल्यावर कुणाचे डोळे ओले होत नाहीत? आपल्या बोलपटांनी आपल्याला ह्याच रडण्यावर वाढवले आहे. गंमत अशी, की आठवणींनी माणूस ठरत नाही, कृतीने ठरतो, असे हा चित्रपट तोंडाने म्हणतो. आणि सगळी कथा मात्र हरवलेली आठवण सापडण्यावर उभी करतो. कचऱ्याच्या गाडीवरचा तो दुर्दैवी माणूस ह्याही चित्रपटात आहे. परंतु त्याने उभी केलेली शंका नायिकेपर्यंत पोचतच नाही.

ह्या चित्रपटावर मोठे वादळ उठले ते जपानी पात्रासाठी गोरी नटी घेतली म्हणून. ओशींनी स्वतः त्यात काही वावगे मानले नाही. देहच जर बनावट, तर तो अमुक वंशाचा का असावा, असा त्यांचा युक्तिवाद. तक्रार करणाऱ्यांची बाजूही मी हलकी लेखत नाही. जपानी मुलीचा जीव गोऱ्या देहात कोंडणारी कंपनी पटकथेत खलनायक ठरते, आणि निर्मात्यांनी तरी दुसरे काय केले, हा सवाल खोचक असला तरी रास्त आहे. पण समजा, एखाद्या थोर जपानी नटीने हे काम केले असते. तो अन्याय टळला असता. माझा प्रश्न मात्र उरलाच असता, कारण तीही जिवंतच असती.

जपानला ही गोष्ट जुन्या काळापासून ठाऊक आहे. तिथल्या बुनराकू नाटकांत एकेका बाहुलीमागे तीन तीन माणसे उभी असतात आणि ती प्रेक्षकांना सरळ दिसत असतात. तरीही बाहुली मान खाली घालते तेव्हा प्रेक्षागृह रडते. त्या रंगभूमीचे महान नाटककार चिकामात्सू यांचे मत असे नोंदलेले आहे की कला ही खऱ्या आणि खोट्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहते. आपल्यालाही हे अनुभवाने कळले आहे. बालगंधर्व पुरुष आहेत हे ठाऊक असूनच आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने त्यांच्या सिंधूसाठी अश्रू ढाळले. रंगभूमीने मधे एक अंतर ठेवले होते, आणि ते अंतर रसिक आपल्या मनाने भरून काढीत. पुढे १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ बोलपटात तेच बालगंधर्व मीरा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. गळा तोच, भाव तोच; पण कॅमेऱ्याने ते अंतर ठेवले नाही. तो थेट चेहऱ्याशी जाऊन भिडला, आणि सिंधूचे भाग्य त्या मीरेला लाभले नाही. कलेत देह बदलला की संकेत बदलतात, हे आपण ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिले होते; विसरलो इतकेच.

“मग रेखापटाचा माणसांचा चित्रपट करूच नये काय?” असे कुणी विचारील. तसे मी म्हणणार नाही. खुद्द जपान्यांनीही ‘कॅशर्न’ २००४ मध्ये आणि ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ २०१० मध्ये नटांकरवी पडद्यावर आणले. नुसत्या इमानाने मात्र भागत नाही. ‘काउबॉय बीबॉप’ ही शिनइचिरो वातानाबे यांची १९९८ सालची २६ भागांची मालिका. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे १० भागांचे सजीव रूप आणले. संगीताला मूळचीच योको कान्नो, वेशभूषा तीच, यानही तेच. तरीही महिना उलटायच्या आत मालिका पुढे चालणार नाही असे जाहीर झाले. मूळ मालिकेत नायकाचे जुने प्रेम आणि वैर ओझरत्या चित्रांतून दिसते; नव्या मालिकेने तेच ताणून, बोलून, समजावून सांगितले. रिकामी जागा भरली आणि तिच्यातला सूर गेला.

ह्याउलट ‘अलीटा : बॅटल एंजल’ पाहा. युकितो किशिरो यांच्या चित्रकथेवरून रॉबर्ट रॉड्रिग्झ यांनी तो २०१९ साली केला. त्यात यंत्रदेहाच्या अलीटाचे डोळे मुद्दाम चित्रकथेसारखे मोठाले ठेवले. अभिनय रोझा सालाझार हिचा, रूप संगणकाने रेखाटलेले. सभोवती खरी माणसे आणि मधे ही बाहुली! कथा भाबडी आहे. पण अलीटा आपला नवा हात वळवून वळवून निरखते तेव्हा मी पुन्हा पाडव्याच्या रात्रीसारखा थबकलो.

आणि ‘द मेट्रिक्स’? वाचोव्स्की भावंडांनी ओशींचा रेखापट निर्मात्याला दाखवून, आपल्याला हेच खऱ्या माणसांत करायचे आहे असे सांगितले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९९ सालच्या त्या चित्रपटात मोतोको नाही, तिची कथा नाही. पण शंका आहे! छायाचित्रात जे दिसते ते खरे, हा आपला भरवसा. ‘मेट्रिक्स’ त्या भरवशावरच घाव घालतो. तुला दिसते आहे ते सारे जगच बनवलेले आहे, असे तो म्हणतो. देह कॅमेऱ्याचा, म्हणून शंकाही कॅमेऱ्यावरच घेतली.

शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. ते अमरू राजाच्या देहात शिरले आणि तिथल्या सुखांत आपण कोण हे विसरले. मग शिष्यांनी येऊन गाऊन त्यांना जागे केले. रेखापटाला नवा देह देणाऱ्यांनी ही कथा ध्यानात ठेवावी. नवा देह धारण करणे हा अपराध नाही. विसरणे हा आहे.

परवा नातीला म्हटले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. ज्यात मला माझा जीव ओतावा लागला, तो खरा.” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे कार्टून.”

“हो,” मी म्हटले, “कार्टून.” आणि ह्या खेपेस तो शब्द उच्चारताना माझ्या आवाजात पूर्वीचा तोरा नव्हता, हे तिनेही ओळखले असावे. कारण तिने मुकाट्याने चकल्यांची बशी पुढे केली आणि दिवा मालवला.